दोन रविवार, एक बाटली चिखल आणि माझं ओट्यावरचं फडकं (पणजीतल्या बॅक्टेरिया वर्कशॉपचा रिव्ह्यू)

रिव्ह्यू दोन महिने उशिरा लिहितेय, कारण बाटली. बाटलीचं शेवटी सांगते.

आधी कामाचं. पणजीत मळा नावाच्या भागात एका जुन्या घराच्या हॉलमध्ये हे वर्कशॉप असतं, दोन रविवार मिळून एकच, मोठ्यांना ७५० आणि मुलांना ४००. घेणारी मुलगी इथे गोव्यातच पीएचडी करतेय, मांडवीच्या चिखलातल्या बॅक्टेरियांवर, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. नाव टाकू का विचारलं तर म्हणाली नको, गाईड वाचतील आणि म्हणतील थीसिस कुठे आहे. म्हणून नाव नाही, ताई म्हणूया, ती सगळ्यांना तेच म्हणायला सांगते, पहिल्यांदा 'मॅडम' म्हटलं तर मागे वळून बघते कोण आलं म्हणून.

मी फोंड्याहून घरचे डबे देते, रोजचे तीस-बत्तीस. त्यामुळे जंतू हा विषय माझ्यासाठी सायन्स-बियन्स नाही, सरळ भीती आहे, गिऱ्हाइकाने रात्री बाहेर काय खाल्लं ते कोणी विचारत नाही, पोट बिघडलं की पहिलं बोट माझ्या डब्याकडे. बहिणीचा मुलगा आठवीत आहे, त्याला सोबत घेऊन गेले, म्हणजे खरं तर त्याचं निमित्त करून मीच गेले. कार्निव्हलच्या आधीचे दोन रविवार होते, पार्किंगचं काय झालं असेल ते पणजीवाल्यांना सांगायला नको. चर्चपर्यंत चालत आलो उन्हातून.

तक्रारी आधी सांगून टाकते म्हणजे मग मोकळं. अकराचं होतं, सुरू झालं अकरा चाळीसला. जाहिरातीत मराठी-कोंकणी लिहिलं होतं आणि स्लाइड सगळ्या इंग्लिश. आसगाव-शिवोलीत येऊन राहिलेली दिल्ली-बेंगळुरूची मंडळी अर्धी खोली भरून होती, त्यांच्याकडे बघून ताईची गाडी आपोआप इंग्लिशवर जायची. शेवटी मागून एक आजोबा म्हणाले, "बाय, आमकां कळटा तशें सांग मगो," तेव्हा ती हसली आणि तिथून पुढे जे बोलली ना, तेच खरं वर्कशॉप. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे दुसरा रविवार हा मेन आहे हे कुठेच नीट लिहिलेलं नाही. लोकांना वाटतं पहिल्या दिवशी झालं, दुसरा दिवस बोनस. दुसऱ्या दिवशी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. त्या लोकांनी ७५० रुपये देऊन नुसतं ताटलीत बोट लावलं आणि घरी गेले, असं झालं ते.

आता ताटली. पेट्री डिश हो, गोल काचेची किंवा प्लॅस्टिकची झाकणवाली. तिने त्यात जेलीसारखं काहीतरी ओतून ठेवलं होतं, मी बघताच म्हटलं हा तर चायना ग्रास, माझ्या आईचा खरवस फसला की ती हेच घालायची. ताई म्हणे हो, तोच, अगार, समुद्रातल्या लाल शेवाळातून काढतात. मग गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. जर्मनीत रॉबर्ट कॉख ह्या जंतुशास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये बॅक्टेरिया वाढवायला बटाट्याचे काप आणि जिलेटिन वापरायचे. उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं, शिवाय काही बॅक्टेरिया ते खाऊनच टाकायचे, म्हणजे ताटलीत सगळा रस्सा. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसची बायको फॅनी, तिने विचारलं अगार का नाही वापरत, मी जॅम-जेली त्याचीच करते, उन्हाळ्यात पण घट्ट राहते. हे १८८१चं. अगार एकदा घट्ट झाला की पार ८५ डिग्रीपर्यंत वितळत नाही. आजही बॅक्टेरिया वाढवणाऱ्या बहुतेक लॅब त्याच्यावर चालतात आणि ताटलीला नाव कोणाचं, तर पेट्रीचं, त्याने १८८७ मध्ये झाकण बसवलं. फॅनीच्या नावाचं काही नाही. स्वयंपाकघरातून गेलेल्या गोष्टीचं असंच होतं म्हणा.

ती हे सगळं घरच्या प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक करते. लॅबमध्ये ऑटोक्लेव्ह असतो, १२१ डिग्री, १५ पौंड प्रेशर, पंधरा-वीस मिनिटं, तर कुकर पण साधारण तेवढंच प्रेशर धरतो. मी विचारलं किती शिट्ट्या, तर ती म्हणाली शिट्ट्या मोजू नका, पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून घड्याळ बघा. वीस वर्षं मी शिट्ट्या मोजतेय.

प्रत्येकाला एक ताटली. मागच्या बाजूने मार्करने चार भाग करायचे. पहिल्या भागात न धुतलेलं बोट, दुसऱ्यात नुसत्या पाण्याने धुतलेलं, तिसऱ्यात साबणाने वीस सेकंद धुऊन पुसलेलं, आणि चौथा भाग तुमच्या मर्जीचा. कोणी मोबाईल लावला, कोणी केस टाकला, भाच्याने नाकात बोट घालून लावलं (मी बघितलं नाही असं दाखवलं). ताईने आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं होतं घरची एखादी वस्तू आणा, तर मी पिशवीतून ओट्यावरचं फडकं आणलं होतं, तेच जे रोज रात्री पिळून नळावर वाळत टाकते. मनात अशी खात्री की माझं स्वच्छच निघणार. झाकण लावून टेप मारली, ताटल्या ती स्वतःकडे ठेवते, घरी नेऊ देत नाही आणि परत उघडू पण देत नाही, ते बरंच आहे.

मग दही. हा भाग मी कितीही सांगितला तरी कमीच. काचेच्या पट्टीवर दह्याचा टिपका, इतका थोडा की बोटाला लागलेला पुसावा तेवढा, पाण्यात पातळ करून पसरवायचा, सुकवायचा, मग पट्टी दोन-तीनदा ज्योतीवरून फिरवायची. नंतर जांभळा रंग एक मिनिट, धुवायचं, आयोडीन एक मिनिट, धुवायचं, मग अल्कोहोल, आणि इथे सगळी गंमत, दोन सेकंद कमी-जास्त झालं की सगळं बिघडतं, आणि शेवटी गुलाबी रंग. हान्स ख्रिश्चन ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये शोधलेली रीत, म्हणून ग्राम स्टेन. ज्यांची भिंत जाड त्यांच्यात जांभळा रंग अडकून बसतो, ते ग्राम पॉझिटिव्ह, ज्यांची पातळ त्यांचा अल्कोहोलने उतरतो आणि ते गुलाबी दिसतात, ते निगेटिव्ह. आम्ही सगळे समजत होतो पॉझिटिव्ह म्हणजे चांगले, तर तसं काही नाही, गुण बघून नाव ठेवलेलंच नाही. जांभळा रंग म्हणजे लहानपणी तोंड आलं की लावायचे ते जांभळं औषध, जवळपास तेच. माझी पहिली पट्टी पूर्ण गुलाबी झाली, अल्कोहोल जास्त झालं. दुसरी जमली. लेन्सखाली तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठं करून बघायचं, सुरुवातीला फक्त माझ्याच पापण्या दिसत होत्या, मग ताईने बटण एक केसभर फिरवलं आणि एकदम, जांभळ्या मण्यांच्या माळा. अबोलीचा वळेसर (गजरा) कसा असतो तशा, तुटलेल्या, कुठे चार मणी कुठे दहा, आणि मध्ये मध्ये काड्या. माझ्या घरचं दही हे. सासूबाईंनी लग्नात माहेराहून विरजण आणलं होतं तेच आजपर्यंत चालू आहे, तर म्हटलं ह्या माळा माझ्यापेक्षा ह्या घरात जुन्या.

ताईने सांगितलं दह्यातलाच एक, लॅक्टोबॅसिलस, २०१२ मध्ये भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव म्हणून जाहीर झाला, हैदराबादला. मोर, वाघ, कमळ आणि दही. मला कोणी शाळेत सांगितलं नव्हतं.

बोटं चार दिवस जांभळी होती, डबे देताना दहा जणांना उत्तर द्यावं लागलं. ग्लोव्ह्ज होते पण सगळ्यांना पुरले नाहीत, हे पण तक्रारीत धरा.

फोल्डस्कोपबद्दल दोन शब्द, कारण तिथे बघून बऱ्याच जणांनी लगेच मोबाईलवर ऑर्डर टाकली. कागदाचा घडीचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या टीमने २०१४ मध्ये लोकांसमोर आणलेला, १४० पट मोठं दाखवतो. मुंगीचा पाय, कांद्याचा पापुद्रा, माशाचा खवला ह्याला एक नंबर आणि पोरं दिवसभर गुंतून राहतात. पण बॅक्टेरिया बघायला म्हणून घेऊ नका, ते एक-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात जेमतेम धुळीचा कण दिसावा तसे दिसतात. ताईने हे विकायच्या टेबलावरच सांगितलं, म्हणजे स्वतःची विक्री स्वतःच कमी केली.

आता चमकणाऱ्या बॅक्टेरियांचा प्रयोग, त्याला लागतात माणक्यो, तुमच्या मुंबईकडे माकूल म्हणतात ते, म्हणजे स्क्विड. पहाटे मार्केटमधून आणलेले, बर्फातले नव्हे, न धुतलेले, लिटरला तीस ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात अर्धवट बुडवून रात्रभर थंड जागी ठेवायचे. दुसऱ्या रविवारी तिने ते आदल्या रात्रीपासून ठेवले होते. खिडक्यांना चादरी, दाराखालच्या फटीला गोणपाट, आणि मग काळोखात पंधरा मिनिटं गप्प बसायचं कारण डोळ्यांना सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. वास. उकाडा. आठव्या मिनिटाला आलेल्यांपैकी एका बाईंनी फोटो काढायला मोबाईल ऑन केला, फ्लॅशसकट. सगळी खोली 'आईगं'. परत पंधरा मिनिटं पहिल्यापासून. पण मग दिसलं, ट्रेमध्ये कडेकडेने निळसर डाग, टीव्ही बंद केल्यावर पूर्वी पडद्यावर जसा उजेड राहायचा ना क्षणभर तसा, फक्त जात नव्हता. थेट बघितलं की नाहीसा होतो, जरा बाजूला बघितलं की दिसतो. समुद्राच्या पाण्यातले बॅक्टेरिया, माशांच्या, माणक्यांच्या अंगावर असतात, ते वाढले की चमकतात. ह्यातल्या काही जाती एकटं-दुकटं असताना दिवा लावत नाहीत, एकमेकांकडे रसायन सोडतात, त्यावरून पुरेसे जण जमलेत असं कळलं की मगच सगळे एकदम. मी म्हटलं भजनासारखं, टाळ घेऊन एकजण कोपऱ्यात बसून राहतो, दहा जमले की मग सुरू. ताई म्हणाली हे मी आता माझ्या प्रेझेंटेशनमध्ये घेणार. घेतलं तर माझं नाव टाक म्हटलं. आजोबांना काहीच दिसलं नाही हे पण सांगते, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, ते बिचारे तीस मिनिटं वास घेत बसले आणि तरी शेवटी टाळ्या वाजवल्या.

बीचवर रात्री लाटा चमकतात त्या पण ह्याच का, असं कोणीतरी विचारलं. ताई म्हणाली नाही, ते बहुतेक वेळा वेगळे एकपेशीय जीव, बॅक्टेरिया नव्हेत. तिची ही सवय मला आवडली, प्रश्नाला 'हो हो तसंच काहीसं' म्हणून सोडून देत नाही. माहीत नसेल तर वहीत लिहून घेते. ह्याच आजोबांनी विचारलं तापाला अँटिबायोटिक तीन दिवस घ्यायची की पाच, तर सरळ म्हणाली मी डॉक्टर नाही आणि पीएचडी झाल्यावर होईन तो डॉक्टर तुमच्या उपयोगाचा नाही. पण एवढं सांगितलं की पेपरवाले जिवाणू आणि विषाणू दोघांनाही जंतू म्हणतात तिथून घोटाळा सुरू होतो, अँटिबायोटिक जिवाणूंवर म्हणजे बॅक्टेरियांवर चालते, विषाणूंवर नाही, सर्दी-फ्लू विषाणूंचे, आणि ज्या स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते ती चिठ्ठीशिवाय मागू नका. आजोबांनी खिशातून स्ट्रिप काढून उजेडात धरली. रेघ होती. परत खिशात ठेवली.

तर आता दुसरा रविवार, ताटल्या. टेबलावर रांगेत मांडल्या होत्या, नावासकट, दहावीच्या निकालासारख्या. एक एक गोल ठिपका म्हणजे एक वस्ती, बऱ्याचदा एकाच जिवाणूपासून वाढलेली. साबणवाल्या भागात माझे चारच ठिपके, खूश झाले. पण पाण्याने धुतलेल्या भागात न धुतलेल्यापेक्षा जास्त! मला वाटलं उलटं लिहिलं असणार मी. नाही, बऱ्याच जणांचं तसंच होतं. ओल्या हातावरून बॅक्टेरिया कोरड्या हातापेक्षा जास्त सहज दुसरीकडे जातात, म्हणून नुसतं पाण्याखाली धरून झटकलेला हात कोरड्यापेक्षा जास्त वाटत सुटतो. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढपी हेच करतात. मी पण करते. करायचे.

आणि फडकं. त्या भागात ठिपके नव्हतेच, मोजायला काही राहिलंच नव्हतं, सगळा एकसंध पांढरट-पिवळा साका, पातेल्यात दूध ऊतू जाऊन सुकतं ना तसा, आणि शेजारच्या साबणाच्या भागाच्या रेघेवर चढून गेलेला. भाचा मोठ्याने म्हणाला, "मावशी, नाकापेक्षा घाण!" त्याच्या नाकाचे ठिपके खरंच सतराच होते. एक सुंदर लिंबासारखा पिवळा ठिपका होता, मी विचारलं हा कोण, ती म्हणाली बहुतेक मायक्रोकॉकस, पण नुसत्या रंगावरून बारसं करत नाहीत.

माझं तोंड बघून ताई बाजूला घेऊन गेली. म्हणाली ठिपके जास्त म्हणजे आजार असं नाही, ह्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, कुठले आहेत ते ह्या ताटलीवरून सांगता येत नाही. पण हिशोब करून दाखवला. ई कोलायसारखा बॅक्टेरिया लॅबमध्ये, सगळं मनासारखं मिळालं तर, वीस मिनिटांत दुप्पट होतो. रात्री दहाला एक असेल तर सकाळी आठपर्यंत तीस वेळा दुप्पट, म्हणजे १०७ कोटी. ओट्यावर तेवढं ऐषआरामाचं नसतं, पण ओलं फडकं, अन्नाचे कण आणि गोव्याची हवा म्हणजे फार कमी पण नाही. उपाय काय तर उकळणं, कडक उन्हात खडखडीत वाळवणं, आणि मुळात एकच फडकं दिवसभर न वापरणं. मी पणजीहून निघताना डझनभर फडकी घेतली. रोज दोन-तीन, संध्याकाळी सगळी कुकरला. शिट्टी न मोजता.

येताना रायबंदरच्या कॉजवेवरून आलो, तिने सांगितलं होतं मिठागरं बघत जा. उन्हाने पाणी आटत जातं तसं मीठ वाढत जातं आणि शेवटी पाण्याला गुलाबीसर लाल झाक येते, ती मीठ आवडणाऱ्या आर्कियांची. दिसायला बॅक्टेरियासारखे पण बॅक्टेरिया नव्हेत, १९७७ मध्ये कार्ल वोस यांनी त्यांची वेगळी शाखा दाखवून दिली. वीस वर्षं ह्या रस्त्याने जातेय, मला वाटायचं माती आहे.

आता बाटली. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी केली होती. ताईच्या घरच्या खाजनातला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला), मानशीजवळचा (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळचा) काळा चिखल एका बादलीत आणला होता, कुजक्या अंड्याचा वास. त्यात फाडलेला पेपर, उकडलेल्या अंड्याचा बलक आणि कुटलेला शाळेचा खडू, हा खडू जिप्समचा असतो म्हणून. बाटलीत दाबून भरायचं, वर थोडं पाणी, झाकण सैल, खिडकीत ठेवायची आणि सहा-आठ आठवडे विसरायची. विनोग्राडस्की नावाच्या रशियन माणसाची १८८०च्या दशकातली युक्ती. तळाला हवा पोचत नाही, तिथले बॅक्टेरिया खडूतल्या सल्फेटवर जगतात आणि तो वासाचा गॅस सोडतात, चिखलातल्या लोखंडाशी तो मिळाला की काळं होतं. वरचे दुसरे, उजेड खाणारे, तोच गॅस वापरतात. ताईचा पीएचडीचा विषय हाच, मांडवीच्या चिखलातले तळाचे लोक.

घरी सासूबाई. रविवारी काही बोलल्या नाहीत. सोमवारी सकाळी देवपूजा करून आल्या आणि खिडकीत बाटली, विचारलं काय आहे, भाच्याने प्रामाणिकपणे सांगितलं चिखल आणि अंडं. सोमवार, शिवराक (म्हणजे शाकाहाराचा दिवस), आणि घरात अंडं, ते पण कुजायला ठेवलेलं. बाटली मागच्या पडवीत गेली, तुळशीच्या पलीकडे. दोन आठवड्यांनी खालून काळी. चौथ्या आठवड्यात वर हिरवी साय. मग काहीच नाही. शिगमो झाला, पाडवा झाला, मी ताईला मेसेज केला की बाटली फेल, ती म्हणाली अजून थांबा आणि उजेड कुठल्या बाजूने येतो ते सांगा. मी म्हटलं रिव्ह्यू लिहून टाकते, साडेतीन स्टार, एक बाटलीचा कापला.

सातव्या आठवड्यात सासूबाई तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि तिथूनच हाक मारली, "गो, हांगा यो बेगीन, तुज्या त्या घाणीक आगळाचो रंग आयला!" धावत गेले. खरंच, भिंतीकडच्या बाजूला काही नाही, पण तुळशीकडच्या, उजेडाच्या बाजूला काळ्या चिखलात अंगठ्याएवढा डाग, सोलांच्या (कोकमाच्या) आगळासारखा जांभळट लाल. मी फोटो पाठवला, ताईने दहा मिनिटांत फोन केला, पर्पल सल्फर बॅक्टेरिया, म्हणजे तेच उजेड खाणारे, आणि माझ्यापेक्षा तीच जास्त ओरडत होती. सासूबाईंनी फोन मागून घेतला आणि तिला विचारलं बाय, जेवलीस का.

साडेचार स्टार. अर्धा पार्किंग आणि ग्लोव्ह्जचा. जाणार असाल तर दोन्ही रविवार मोकळे ठेवा, जुने कपडे घाला, आणि सुरुवातीलाच मराठीत किंवा कोंकणीत बोलायला सांगा, लाजू नका. बाटली परत खिडकीत आलीय, सासूबाईंनीच आणून ठेवली. फक्त सोमवारी तिच्यावर फडकं टाकतात. नवं, कुकरमधून काढलेलं.